आदल्या संध्याकाळची पाहुणी

ताईने पावडरचा डबा तळहातावर उपडा केला, दोन्ही हात एकमेकांवर चोळले, एक सणसणीत टाळी वाजवली आणि उडालेल्या पांढऱ्या धुरळ्याआडून म्हणाली, "हं, विचारा."

समोर बसलेले प्रोफेसर शिंकले. एकदा नव्हे, तीनदा. मांडीवरची पिवळी कार्डं पावडरीने माखली.

"ताई, एवढं कशाला?"

"कोण ताई? मी तीस वर्षं सर्कशीत उलटी टांगून घेतलेली बाई आहे. हाताला पावडर लागल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर मला तंबू आवरायचाय."

प्रोफेसरांनी निमूटपणे चष्मा शोधायला सुरुवात केली. टेबलावर पाहिलं, खिशात पाहिलं, कार्डांच्या गठ्ठ्याखाली पाहिलं.

"काखेत कळसा," झोक्यावरची बाई म्हणाली आणि तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. प्रोफेसरांचा चष्मा प्रोफेसरांच्याच कपाळावर होता.

असं अकरा वर्षं चाललं होतं. प्रोफेसरांनी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्तीची चाहूल लागली तशी शहराच्या वाचनालयाने त्यांना एक काम दिलं. दर दोन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या सभागृहात, एखाद्या असामान्य माणसाशी गप्पा मारायच्या. पुढच्या आठवड्यात त्या रेडिओवर लागायच्या. अर्थशास्त्रज्ञ लोकांनी उंटावरून शेळ्या हाकाव्यात, माणसांशी बोलायला जाऊ नये, असं मत त्यांच्याच एका सहकाऱ्याने तोंडावर ऐकवलं होतं. ते प्रोफेसरांना इतकं पटलं होतं की पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना चक्क ताप भरला. पाहुणे होते मेंदूची शस्त्रक्रिया करणारे एक मोठे डॉक्टर. प्रोफेसर अंथरुणात पडून म्हणत होते, मला जमणार नाही, मी त्या माणसाला काय विचारणार?

तेव्हा ताईने त्यांचाच पांढरा शर्ट उलटा घातला, पाठीमागून गुंड्या लावायला लावल्या, आणि खुर्ची ओढून समोर बसली. "मी होते डॉक्टर. मला विचार." डॉक्टरांबद्दल घरात आणलेलं सगळं तिने दुपारभरात वाचून काढलं होतं. प्रोफेसरांनी एक प्रश्न विचारला, मग दुसरा. तासाभराने ताप उतरला होता.

तेव्हापासून प्रत्येक पाहुणा दोनदा यायचा, आदल्या संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात. दोन बोटं बर्फात गमावलेला गिर्यारोहक आला तेव्हा ताई दोन बोटं चिंधीने बांधून बसली आणि त्याच हातांनी चहा करून तिने एक कप फोडला. बुद्धिबळपटू मितभाषी आहे असं वाचल्यावर ती पंचवीस मिनिटं एक अक्षर बोलली नाही. प्रोफेसर रडकुंडीला आले. पण खरा बुद्धिबळपटू दुसऱ्या दिवशी तस्साच गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचं काय करायचं हे त्या सभागृहात एकट्या प्रोफेसरांना माहीत होतं. लोक म्हणायचे, काय तयारी करता हो तुम्ही! प्रोफेसर मान किंचित झुकवून म्हणायचे, थोडंफार वाचतो.

ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. ती वरच्या मजल्यावर राहायची, प्रोफेसर खालच्या; पण जेवण, चहा आणि भांडण हे सगळं वरच व्हायचं. प्रोफेसरांचं लग्न जमलं नव्हतं, कारण दोन्ही वेळा पहिल्याच भेटीत त्यांनी मुलीला इतके प्रश्न विचारले की मुलीने, बाकीचं बाबांना विचारा, म्हणून काढता पाय घेतला. ताईचं लग्न झालं, संसारही नेटका झाला; भाऊजी जाऊन आता बारा वर्षं झाली होती. ताई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. माणूस नुसतं 'हॅलो' म्हणाला की तो आज जेवलाय की नाही हे तिला कळायचं, आणि ऐकलेला आवाज ती वर्षभराने जसाच्या तसा काढून दाखवायची. प्रोफेसरांना ती शहाण्या म्हणायची. लहानपणी तो टोमणा होता, मग नाव झालं, आणि आता त्यात नक्की काय होतं ते तिचं तिलाच माहीत.

"मनगट धरता की तळहात?" प्रोफेसरांनी कार्ड बघून विचारलं.

"मनगट," ताई म्हणाली. मासिकातल्या लेखात होतं ते. मग तिने जाळीबद्दल सांगितलं, तंबूतल्या उकाड्याबद्दल सांगितलं, उडी मारणाऱ्यांना टाळ्या मिळतात आणि झेलणारीकडे कुणी बघतसुद्धा नाही हे अगदी नाक मुरडून सांगितलं. प्रोफेसर भराभरा लिहून घेत होते.

राहिला शेवटचा प्रश्न. तो सगळ्यांना एकच असायचा. वर्गात वर्षानुवर्षं घसा कोरडा करून त्यांनी जे शिकवलं त्याचं सार एवढंच होतं, की एक गोष्ट धरली की दुसरी सुटते आणि त्या सुटलेल्या गोष्टीला विसरायचं नाही. म्हणून ते प्रत्येक थोर माणसाला अखेरीस विचारायचे.

"आणि या सगळ्यासाठी तुम्ही कशावर पाणी सोडलंत?"

डॉक्टर म्हणाले होते, झोपेवर. गिर्यारोहकाने नुसता हात वर केला होता.

ताईने आपल्या पांढऱ्या तळहातांकडे पाहिलं.

"उडायचं मलाही होतं," ती म्हणाली. "फॉर्म भरून ठेवला होता. निळ्या शाईने, एकही खाडाखोड न करता. पण दोघांनी उडायचं म्हटल्यावर झेलायचं कुणी? मग म्हटलं, मी थांबते." तिने तळहातावरची पावडर झटकली. "वाईट नाही झालं काही. ज्याला झेललं तो चांगला उडाला."

"वा!" प्रोफेसर म्हणाले. त्यांची मान खाली होती आणि पेन्सिल पळत होती. "वा, ताई! हे कुठे सापडलं तुला? त्या मासिकात?"

"असेल कुठेतरी," म्हणत ताई हात धुवायला उठली. नळ बराच वेळ चालू राहिला.

प्रोफेसरांनी त्या वाक्याभोवती चौकट काढली आणि कार्ड गठ्ठ्याच्या अगदी शेवटी ठेवलं. मग ते उठले, आणि उठताना त्यांची नजर नको तिथे गेली. मिठाच्या बरणीखाली ताईचा तो प्रवेशाचा फॉर्म अजून होता.

आठवडाभर तो तिथेच होता. कुठल्याशा वर्गाचा होता, बाहेरगावचा, वर्षभर तिथेच राहायचं. रविवारी सकाळी सातच्या गाडीने ताई मुलाखतीला जाणार होती आणि फॉर्म सोबत न्यायचा होता. त्यावर प्रोफेसरांची सही हवी होती. प्रोफेसर न वाचता कशावरही सही करत नसत, हे त्यांचं तत्त्व, आणि वाचायला त्यांना आठवडाभर वेळ झाला नव्हता. सोमवारी ताईने फॉर्म पुढे केला तेव्हा ते हसून म्हणाले होते, "एकाहत्तराव्या वर्षी वर्षभराचा वर्ग? अगं, शिकून झाल्यावर वापरणार कधी? याला आमच्यात तोट्याची गुंतवणूक म्हणतात." यावर ताई फक्त "बरं" म्हणाली. भांडायला तयार असलेल्या ताईला ते घाबरत नसत. बरं म्हणणाऱ्या ताईला घाबरायचे.

खरं सांगायचं तर तत्त्वबित्त्व काही नव्हतं. प्रोफेसरांना भीती वाटत होती. सही केली की ताई जाणार. वर्षभर वरच्या मजल्यावर दिवा नाही. जिना चढून जायला काही कारणच नाही. ही भीती कार्डावर लिहून तिच्याभोवती चौकट काढता येत नव्हती, म्हणून ते फॉर्मकडे बघायचंच टाळत होते.

"उद्या रात्रीपर्यंत," ताई पाठमोरीच म्हणाली.

"हो, हो. कार्यक्रम होऊ दे. बघतो," प्रोफेसर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

*

झोक्यावर उलटी टांगून घेऊन दुसऱ्यांना झेलणारी बाई प्रत्यक्षात प्रोफेसरांच्या खांद्याएवढीच निघाली. वय चौऱ्याहत्तर. मनगटं मात्र एखाद्या लोहाराची असावीत तशी. तिने हस्तांदोलन केलं ते प्रोफेसरांचा तळहात ओलांडून थेट मनगटाला धरून, आणि प्रोफेसरांना क्षणभर वाटलं की आपण आता हवेत उचलले जाणार.

सभागृह भरलं होतं. ताई आली नव्हती. ती कधीच यायची नाही. "कालच ऐकलंय मी सगळं," असं तिचं ठरलेलं उत्तर होतं.

गप्पा सुरेख रंगल्या. मनगट की तळहात, हा प्रश्न आला तेव्हा बाईंनी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना वर बोलावून दाखवलंच. "तळहात घामाने सुटतो. मी तुमचं मनगट धरायचं, तुम्ही माझं. दोघांनी धरलेलं सुटत नाही." गृहस्थ खाली गेले ते मनगट चोळतच.

"तुमच्या हातून तीस वर्षांत एकही माणूस सुटला नाही, असं म्हणतात."

"थाप आहे. अकरा सुटले. नावं सांगू?" आणि त्यांनी बोटं मोजत अकराही नावं सांगितली. "सगळे जाळीत पडले. सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आले. एक तर पडल्यावर माझ्याशी आठ दिवस बोलला नाही, पण वर आला."

सभागृह हसलं. प्रोफेसरांनी पुढचं कार्ड घेतलं.

"सगळ्यात अवघड काय होतं? धरणं?"

"धरायला काय लागतं? ते कुणालाही जमतं." बाईंनी हात झटकला. "सोडायचं कधी, ते कळायला मला सहा वर्षं लागली. माणूस हातात आला की त्याला समोरच्या झोक्यावर परत पाठवायचा असतो. माया जास्त झाली की हात उशिरा सुटतो. एवढासाच उशीर. पण तेवढ्यात त्याचा झोका निघून जातो आणि मग तो बिचारा मधल्यामध्ये."

प्रोफेसर मान हलवत राहिले. हे त्यांच्या कुठल्याच कार्डावर नव्हतं. मिठाची बरणी त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकली आणि त्यांनी घाईघाईने शेवटचं कार्ड पुढे ओढलं. चौकटीतलं.

"आता शेवटचा प्रश्न. या सगळ्यासाठी कशावर पाणी सोडलंत, असं मी सगळ्यांनाच विचारतो. पण याचं उत्तर तुम्ही आधीच, फार सुंदर शब्दांत देऊन ठेवलंय. मी वाचतो. 'उडायचं मलाही होतं. फॉर्म भरून ठेवला होता. निळ्या शाईने, एकही खाडाखोड न करता. पण दोघांनी उडायचं म्हटल्यावर'—"

"कसला फॉर्म?" बाई म्हणाल्या.

प्रोफेसरांनी कार्ड उलटून पाहिलं.

"अहो, सर्कशीत कुठला आलाय फॉर्म? माझा बाप तंबू ठोकायचा. मी जन्मले तीच तंबूत. फॉर्म भरते कुठला?"

लोक खळखळून हसले. प्रोफेसरही हसले, आणि हसता हसता त्यांनी पुन्हा कार्डाकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. निळी शाई, हे शब्दही त्यांनीच काल जसेच्या तसे टिपून घेतले होते.

"आणि मला उडायचं होतं म्हणे!" बाईंना आता मजा वाटत होती. "छे, छे. मला उंचावरून खाली बघितलं की अजून पोटात गोळा येतो."

"पण तुम्ही तर तिथे वर, उलट्या—"

"म्हणूनच तर. मी खाली बघायचीच नाही. येणाऱ्या माणसाकडे बघायची, त्याच्या तोंडाकडे. तो घाबरलाय का, रागावलाय का, रात्री झोपलाय का, सगळं दिसायचं. झेलण्याची मला पहिल्यापासून हौस. मी कशावर पाणीबिणी सोडलं नाही, साहेब. मला हवं होतं तेच मिळालं." मग त्या पुढे झुकल्या. "बघू ते कार्ड."

प्रोफेसरांनी कार्ड दिलं. बाईंनी ते हाताच्या अंतरावर धरून, ओठ हलवत, सावकाश शेवटपर्यंत वाचलं. 'ज्याला झेललं तो चांगला उडाला' इथे त्या थोड्या थांबल्या. परत देताना त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"ही झेलणारी नाही. ही उडणारी आहे, थांबलेली. पण हात पक्का दिसतोय हिचा. कोण आहे?"

ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने मान वर करून यंत्राकडे पाहिलं, कारण तिला वाटलं आवाजच बंद पडला. आवाज ठीक होता. प्रोफेसर बोलत नव्हते. अकरा वर्षांत त्या सभागृहात प्रश्न विचारणारा माणूस पहिल्यांदाच उत्तर द्यायच्या जागी बसला होता आणि त्याची तयारी करून घ्यायला आदल्या संध्याकाळी कुणी नव्हतं.

"माझी ताई," शेवटी ते म्हणाले.

"मग इथे काय करताय?" बाई म्हणाल्या.

*

प्रोफेसर चालतच घरी निघाले. गाडी देऊ केली होती, ती त्यांनी नको म्हटली.

ते सोळा वर्षांचे होते तेव्हा वडिलांची नजर गेली. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि बारीक अक्षरांनी त्यांचे डोळे खाऊन टाकले. त्या वर्षी प्रोफेसरांना दूरच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आणि ताईला नोकरी लागली. घरात हे असंच सांगितलं जायचं: ताईला नोकरी लागली. जणू ती रस्त्याने जात होती आणि नोकरी येऊन तिला लागली. ताई वडिलांपाशी बसून शेजारच्यांचे, डॉक्टरांचे, छापखान्याच्या मालकाचे आवाज काढायची आणि डोळे गेलेला तो माणूस पोट धरून हसायचा, एवढं त्यांना लख्ख आठवत होतं. आणखी एक आठवत होतं. वडिलांना दिसत नाही म्हणून कॉलेजच्या प्रत्येक कागदावर 'पालक' या शब्दापुढे ताई सही करायची. वीस वर्षांची पालक. सहीखाली एक लांबलचक रेघ ओढायची, कुणी विचारूच नये म्हणून.

त्रेसष्ट माणसांना त्यांनी विचारलं होतं, कशावर पाणी सोडलंत? शहाण्याला शब्दाचा मार पुरे म्हणतात. हा शहाणा मार खाऊनही, मान खाली घालून, वाक्याला चौकट काढत बसला होता. प्रोफेसरांना स्वतःची इतकी लाज वाटली की कोपऱ्यावर हिरवा दिवा लागूनही ते रस्ता ओलांडायचे विसरले.

ते वर पोचले तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. ताई टेबलाशी मटार सोलत बसली होती. दाराजवळ एक छोटी बॅग भरून ठेवली होती.

"कशी झाली?" तिने विचारलं.

"छान झाली."

"मी बरी होते की ती?"

हाही ठरलेला प्रश्न होता. प्रोफेसरांचं उत्तरही ठरलेलं असायचं, तूच बरी होतीस. आज ते खुर्ची ओढून बसले.

"ताई, तिला कधीच उडायचं नव्हतं."

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ती उघडली, अंगठ्याने दाणे भांड्यात पाडले.

"हो का?" ती म्हणाली. "मग चुकलंच माझं. मला वाटलं, सगळ्यांनाच असतं."

प्रोफेसरांनी हात लांब करून मिठाच्या बरणीखालचा फॉर्म ओढला. चष्मा शोधू लागले. ताईने न बघताच स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि वाचायला लागले, पहिल्या ओळीपासून.

नाट्यशिक्षण. एक वर्षाचा अभ्यासक्रम. निळी शाई, एकही खाडाखोड नाही. वय: एकाहत्तर. नोकरी: टेलिफोन एक्स्चेंज, निवृत्त. पूर्वानुभव: अकरा वर्षे. त्यापुढे, भूमिका: त्रेसष्ट. आणि मग जागा पुरली नव्हती म्हणून समासात, बारीक अक्षरांत, एकेक करून सगळे उतरले होते. मेंदूचे डॉक्टर. गिर्यारोहक, दोन बोटं कमी. बुद्धिबळपटू, मूक. घड्याळजी. विहिरी शोधणारा. अत्तरांची पारखी. अशी यादी पानाच्या कडेने वळून खाली गेली होती आणि अगदी शेवटी, शाई जरा ताजी वाटत होती तिथे, सर्कशीतली झेलणारी.

त्याखाली दोन छोटे रकाने होते. प्रयोगाचे ठिकाण: स्वयंपाकघर. प्रेक्षक: एक.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. अजून धूसरच दिसत होतं, म्हणून पुन्हा पुसला.

"इथे 'पालकाची सही' म्हटलंय," ते म्हणाले.

"छापील आहे ते. पोरांसाठी काढलेला फॉर्म. मी फोन करून सांगितलं की बाबांनो, माझे पालक आता कुठून आणू? तर तो मुलगा म्हणाला, आजी, रकाना रिकामा चालत नाही." ताई हसली. "म्हटलं, आहे एक. जरा हट्टी आहे."

प्रोफेसरांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. खाली एक रेघ ओढली, लांबलचक. ती रेघ बघून ताईने मटारचं भांडं उगीचच एका बाजूचं दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"त्या पहिल्या फॉर्मचं काय केलंस?"

"कुठल्या?"

"ताई."

"मागची बाजू कोरी होती," ती म्हणाली. "तुला गणितं सोडवायला दिला."

प्रोफेसरांनी एक शेंग उचलली आणि सोलायचा प्रयत्न केला. दाणे टेबलाखाली घरंगळले.

"राहू दे," ताई म्हणाली. "तुझ्या पुढच्या पाहुण्याचं काय करायचं? कोण आहे?"

"भूकंपाचा अभ्यास करणारे कुणीतरी."

"मग फोन कर आदल्या संध्याकाळी. एकतीस वर्षं फोनवरच काढलीत मी."

"ते होईल नंतरचं नंतर." प्रोफेसर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलून ताईच्या बरोबर समोर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, आणि पाठ ताठ करून बसले. "उद्या मुलाखतीला काय विचारणार आहेत?"

"मला काय माहीत?"

"मग बस. मी होतो परीक्षक. मला उत्तरं दे."

"तू?"

"कोण तू?" प्रोफेसर जाड, खोल आवाज काढून म्हणाले. "मी या संस्थेचा प्रमुख आहे."

ताई इतकी हसली की तिला पदराने डोळे टिपावे लागले. "अरे, प्रमुखांना सर्दी झालीय का?"

"मुलाखतीत हसायचं नसतं, बाई." त्यांनी फॉर्म उचलून नाकासमोर धरला. कार्डं खालच्या मजल्यावर कोटाच्या खिशात होती, आणि ती आणायला जावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. "हं. अर्ज पाहिला. अनुभव दांडगा दिसतो. पण एक सांगा. तुम्हाला यायला एकावन्न वर्षं उशीर झालाय. कुठे होतात इतकी वर्षं?"

"खाली बघून विचारू नकोस, शहाण्या," ताई म्हणाली. "समोर बघ."

तिने हात पुसले होते आणि मटार बाजूला सारले होते. ती खुर्चीत सरळ बसली होती, आणि आता ती कुणाच्या आवाजात बोलणार हे प्रोफेसरांना पहिल्यांदाच माहीत नव्हतं.

त्यांनी फॉर्म खाली ठेवला, मान वर केली आणि पुन्हा विचारलं, "कुठे होतीस गं, इतकी वर्षं?"